वाचक विचारतात : देवयानीतला तारा १९व्या प्रतीचा, हे ठरवलं कोणी?

मागच्या अंकात देवयानी दीर्घिकेवर, म्हणजे एम ३१वर लिहिलं होतं, त्यात एडविन हबलने तिथे शोधलेल्या पहिल्या सेफीड ताऱ्याची, म्हणजे ठरावीक काळाने उजळणाऱ्या-मंदावणाऱ्या ताऱ्याची, प्रत (तेजाचा आकडा) १८-१९च्या घरात आहे असं एक वाक्य होतं आणि यावेळी आलेली बरीचशी पत्रं त्या एका वाक्यावरच आलीत. खरं सांगू, मला फार आनंद झाला, कारण अंतर किती, वय किती, तिथे कोणी राहतं का हे सगळे विचारतात पण मुळात तेज मोजलं कसं हे फारसं कोणी विचारत नाही आणि बाकी सगळा डोलारा तर त्यावरच उभा असतो. म्हणून कुठली दुर्बीण घ्यावी वगैरे प्रश्न पुढच्या अंकात घेते, यावेळी फक्त हेच.

नमस्कार ताई, माझं किराणा दुकान आहे. आमच्या काट्याला आणि वजनांना वजनमापं खात्याचा शिक्का लागतो, साहेब तपासणीला आले की आधी शिक्का बघतात. तुम्ही ताऱ्याची प्रत लिहिता, त्यात पॉइंट दोन, पॉइंट पाच असं पण असतं. एवढा बारीक आकडा कुठून येतो आणि ताऱ्यांच्या काट्याला शिक्का कोण मारतं?
— एक दुकानदार, कोरेगाव (जि. सातारा)

दादा, शिक्का हा शब्द तुम्ही अगदी नेमका दिलात, आता मी तोच वापरते.

कॅमेऱ्याला प्रत-बित काही कळत नाही. ताऱ्याचा प्रकाश सीसीडीवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवर पडला की पिक्सेलमध्ये इलेक्ट्रॉन साठत जातात आणि एक्सपोजर संपलं की हातात एक आकडा येतो, समजा ८०००. या ८०००ला एकट्याला काहीच अर्थ नाही. उद्या हवा जरा धुरकट असली तर तोच तारा ७००० देईल, आरशावर धूळ बसली असेल तर अजून कमी, तारा मावळतीकडे कलला असेल तर त्याहून कमी, कारण क्षितिजापासून ३० अंशांवर असलेल्या ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्यापेक्षा दुप्पट हवा कापून येतो. म्हणून त्याच फोटोत, त्याच मिनिटाला, शेजारी असा एक तारा लागतो ज्याची प्रत आधीच पक्की माहीत आहे. समजा त्याची प्रत १४.० आहे आणि त्याने २ लाखांचा आकडा दिला. २ लाख भागिले ८००० म्हणजे २५ पट, आणि २५ पटीचा फरक प्रतीच्या हिशोबात साडेतीन होतो, म्हणजे आपला तारा साडेसतराव्या प्रतीचा. धूर, धूळ, जाड हवा हे सगळं दोघांनाही सारखंच लागलेलं असतं त्यामुळे भागाकारात ते उडून जातं. एका पारड्यात माल, दुसऱ्यात वजन, तुमच्याच दुकानातली गोष्ट.

प्रतीचा हिशोब उलटा असतो हे नव्या वाचकांसाठी सांगते, आकडा मोठा तितका तारा मंद, आणि ५ प्रतींचा फरक म्हणजे बरोबर १०० पट. हा नियम नॉर्मन पॉगसन यांनी १८५६ मध्ये मांडला, हेच पॉगसन पुढे १८६१ पासून मद्रासच्या वेधशाळेत होते आणि १८९१ मध्ये मद्रासलाच वारले. जगभरात आज तेज ज्या भाषेत लिहितात ती घालून देणारा माणूस आपल्याकडे ३० वर्षं काम करत होता हे आपल्या पाठ्यपुस्तकात यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता तुमचा खरा प्रश्न, की त्या शेजारच्या ताऱ्याची प्रत १४.० आहे हे कोणी सांगितलं. त्याला त्याच्याहून पक्क्या ताऱ्याशी ताडून बघितलेलं असतं. असे पक्के तारे म्हणजे उदाहरणार्थ लँडोल्ट तारे, आर्लो लँडोल्ट यांनी वर्षानुवर्षं मोजून १९९२ मध्ये ५२६ ताऱ्यांची यादी दिली, बहुतेक सगळे खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या रेषेच्या) आसपासचे, म्हणजे उत्तर गोलार्धातल्या दुर्बिणीला पण दिसतील आणि दक्षिणेतल्याला पण. त्यांच्याही वर मुळाशी अभिजित तारा, ज्याची प्रत जवळपास शून्य धरून सगळी मोजपट्टी बांधली गेली. पण अभिजितच्या भोवती धुळीची चकती आहे आणि तो स्वतःभोवती इतका जोरात फिरतो की विषुववृत्ताकडे फुगलाय, त्यामुळे अगदी काटेकोर कामाला आता अवकाशातल्या हबल दुर्बिणीवाले तीन श्वेतबटू, म्हणजे इंधन संपून आकसलेले तारे वापरतात, जी१९१-बी२बी, जीडी ७१ आणि जीडी १५३. श्वेतबटूच्या वातावरणाचं गणित त्या मानाने सोपं असतं म्हणून त्याचा प्रकाश किती यायला हवा हे कागदावर काढता येतं. तर दादा, शिक्का मारणारे सगळ्यात मोठे साहेब म्हणजे हे तीन विझत चाललेले तारे.

देवयानीत हे प्रत्यक्ष कसं केलं त्याचं एक उदाहरण मला फार आवडतं. अमेरिकेत किट पीकवर ४ मीटरची दुर्बीण आहे, तिच्या मोझेक कॅमेऱ्याने देवयानीचे आणि शेजारच्या त्रिकोण दीर्घिकेचे म्हणजे एम ३३चे पाच रंगांत फोटो घेतले आणि २००६ मध्ये जी यादी छापली तिच्यात देवयानीच्या भागातले ३ लाख ७१ हजारांहून जास्त तारे आहेत. कॅमेऱ्यात ८ चिप आणि रंगांच्या बाबतीत प्रत्येक चिपचा स्वभाव थोडा वेगळा. मग शिक्का कशाने मारला तर लोवेल वेधशाळेच्या साध्या १.१ मीटरच्या दुर्बिणीने. त्या छोट्या दुर्बिणीने त्याच भागातले काही तारे स्वच्छ रात्री लँडोल्ट ताऱ्यांशी ताडून मोजले आणि मग ते वजन म्हणून मोठ्या दुर्बिणीच्या फोटोत ठेवले. गोदामातला माल कितीही असो, वजन तपासायला छोटा काटाच लागतो.

आपण लिहिता की हबलने देवयानीचं अंतर साधारण ९ लाख प्रकाशवर्षं काढलं आणि आज ते २५ लाख मानतात. एवढा मोठा शास्त्रज्ञ पावणेतीन पट चुकतो तर आजच्या आकड्यावर तरी विश्वास का ठेवावा?
— एक निवृत्त शिक्षक, नागपूर

सर, याचं उत्तर जरा लांबेल कारण हबलच्या आधी एका बाईंपासून सुरुवात करावी लागते.

हेन्रिएटा लेविट हार्वर्डच्या वेधशाळेत काम करायच्या. छोट्या मॅगेलन मेघातल्या, म्हणजे आपल्या शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेतल्या २५ सेफीड ताऱ्यांवरून त्यांनी १९१२ मध्ये दाखवलं की तारा जितका तेजस्वी तितका त्याचा उजळण्या-मंदावण्याचा काळ मोठा, आणि याच नियमावर पुढे सगळी दीर्घिकांची अंतरं निघाली. हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्यांचं नेमून दिलेलं रोजचं मोठं काम वेगळंच होतं, ते म्हणजे ध्रुवाजवळच्या ९६ ताऱ्यांची पक्की प्रत ठरवायची, चौथ्या प्रतीपासून थेट २१व्या प्रतीपर्यंत, १३ वेगवेगळ्या दुर्बिणींच्या २९९ फोटोप्लेट वापरून. ध्रुवाजवळचेच तारे का, तर ते उत्तरेतल्या कुठल्याही वेधशाळेतून कुठल्याही रात्री दिसतात, म्हणजे वजन कायम हाताशी. चौथी प्रत आणि एकविसावी प्रत यात तेजाचा फरक ६० लाख पटींहून जास्त आहे. आणि फोटोप्लेट ही सीसीडीसारखी सरळ वस्तू नाही, दुप्पट प्रकाश पडला म्हणून दुप्पट काळी पडेल असं नसतं, फार मंद ताऱ्याला तास-तास एक्सपोजर दिलं तर ती अजूनच आळशी होते, त्यामुळे एका प्लेटवरच्या तेजस्वी ताऱ्याशी मंद ताऱ्याची तुलना करायची तर मध्ये दुर्बिणीचं तोंड बारीक करून, जाळ्या लावून, पायरी पायरीने खाली उतरावं लागतं. एका पायरीवर थोडं घसरलं की खालच्या सगळ्या पायऱ्या घसरतात. हे काम कोणाच्या फारसं लक्षात राहत नाही, बातमी तर त्याची कधीच होत नाही, पण माझ्या लेखी लेविटबाईंचं हे काम त्यांच्या नियमाच्या तोडीचं आहे. त्या १९२१ मध्ये वारल्या.

दोनच वर्षांनी, ५ ऑक्टोबर १९२३च्या रात्री, माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीने हबलने देवयानीची ती प्रसिद्ध प्लेट घेतली. तीन ठिपक्यांपाशी त्याने नवतारा (नोव्हा, म्हणजे स्फोट होऊन अचानक भडकणारा आणि मग विझत जाणारा तारा) म्हणून एन अक्षर लिहिलं, मग जुन्या प्लेट काढून ताडून बघताना लक्षात आलं की त्यातला एक ठिपका उजळतो, मंदावतो, परत उजळतो, तेव्हा एन खोडून तिथे रूपविकारी ताऱ्यासाठी व्हीएआर लिहिलं आणि पुढे उद्गारचिन्ह. ३१.४ दिवसांचा सेफीड. काळावरून खरं तेज, दिसणाऱ्या तेजावरून अंतर, आणि उत्तर आलं साधारण ९ लाख प्रकाशवर्षं.

आता चूक कुठे. मुख्य चूक हबलच्या मोजणीत नव्हतीच, ती सेफीडच्या खऱ्या तेजात होती. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसमध्ये ब्लॅकआउट होता आणि त्या काळोखात वॉल्टर बाडे यांनी माउंट विल्सनवरून देवयानीच्या गाभ्यातले सुटे तारे पहिल्यांदा टिपले आणि ताऱ्यांच्या दोन वेगळ्या जाती आहेत असं मांडलं. मग पालोमारची २०० इंची दुर्बीण आली. जुनं अंतर खरं असतं तर देवयानीतले आरआर लायरी जातीचे तारे, म्हणजे ज्यांचं खरं तेज साधारण ठाऊक आहे असे रूपविकारी तारे, तिला दिसायलाच हवे होते. दिसले नाहीत. म्हणजे दीर्घिका त्याहून लांब. १९५२ मध्ये रोमच्या परिषदेत बाडेंनी सांगितलं की सेफीडचं खरं तेज आपण दीड प्रत कमी धरत होतो. दीड प्रत म्हणजे तेज चौपट, आणि तेज चौपट म्हणजे अंतर दुप्पट, एका झटक्यात.

पण सर, त्याच सुमाराला एक दुसरी, शांतपणे झालेली दुरुस्ती आहे आणि ती आपल्या विषयाची. मंद ताऱ्यांच्या प्रतीसाठी तेव्हा कापटाइनने १९०६ मध्ये आखून दिलेली आकाशातली २०६ निवडक क्षेत्रं आधाराला असायची. १९५० मध्ये स्टेबिन्स, व्हिटफर्ड आणि जॉन्सन यांनी त्यातली ५७, ६१ आणि ६८ क्रमांकाची क्षेत्रं फोटोइलेक्ट्रिक नळीने परत मोजली, म्हणजे प्लेटच्या काळेपणावर न जाता थेट प्रकाशाचा विद्युतप्रवाह मोजून, आणि दिसलं की मंद टोकाला जुनी पट्टी सरकलेली आहे. पायऱ्या घसरल्या होत्या. मग बाडेंच्या २०० इंची प्लेटवरचे सेफीड हेन्रिएटा स्वोप यांनी मोजले, तेव्हा देवयानीच्याच भागातले तुलनेचे तारे हॉल्टन आर्प यांनी फोटोइलेक्ट्रिक पद्धतीने ठरवून दिलेले होते. बाडे १९६० मध्ये गेले, पेपर १९६३ मध्ये आला, आणि अंतर २२ लाखांच्या पुढे गेलं. लेविट हेन्रिएटा आणि स्वोप पण हेन्रिएटा, आणि दोघींनी आयुष्यातली कितीतरी वर्षं प्लेटवर डोळा लावून काढली.

विश्वास का ठेवायचा, तर आता एकाच शिडीवर भरवसा नाही. २००५ मध्ये देवयानीतल्या एका ग्रहणकारी जोडताऱ्यावरून, म्हणजे एकमेकांना झाकणाऱ्या दोन ताऱ्यांवरून, सेफीडला हातही न लावता अंतर काढलं, ते साधारण २५ लाख प्रकाशवर्षं आलं. तरी प्रत ०.१ने चुकली तर अंतर पावणेपाच टक्के चुकतं, देवयानीच्या बाबतीत ते जवळपास सव्वा लाख प्रकाशवर्षं होतात. म्हणून तर ०.०१साठी लोक रात्री घालवतात.

ताई, आमचा चौघांचा ग्रुप आहे, वाईच्या पुढे एका शेतावर ८ इंची दुर्बीण आणि मोनो कॅमेरा लावतो. देवयानीत नवतारा आल्याचं कळलं म्हणून आम्हीपण मोजला. आमची प्रत १६.३ आली, बाकीच्यांची १६.९. कॅमेरा खराब आहे का? फिल्टर नव्हता. नवतारा गाभ्याच्या बराच जवळ होता.
— एक हौशी निरीक्षक, पुणे

कॅमेरा बहुतेक ठीकच आहे. आणि १६-१७ प्रतीचा तारा, २५ लाख प्रकाशवर्षांवरचा, शेतात उभं राहून मोजलात याबद्दल आधी तुम्हा चौघांचं कौतुक. तुमचा आकडा जास्त उजळ आला ना, मग उजळ बाजूलाच ढकलणाऱ्या तीन गोष्टी तपासा.

पहिली, तुलनेचा तारा जळालाय का. सोळा बिटच्या कॅमेऱ्यात पिक्सेल ६५,५३५ला टेकला की पुढचा प्रकाश मोजलाच जात नाही, मग तुलनेचा तारा आहे त्यापेक्षा मंद निघतो आणि त्याच्या मानाने तुमचा नवतारा उगाच उजळ ठरतो. मंद तारा दिसावा म्हणून आपण एक्सपोजर वाढवतो आणि तुलनेला मात्र ठसठशीत तारा घेतो, इथेच फसतं. ताऱ्याच्या मधल्या पिक्सेलवर कर्सर ठेवून आकडा वाचा, ४० हजारांच्या आत असेल असाच तारा घ्या.

दुसरी, गाभ्याचा उजेड. मोजताना आपण ताऱ्याभोवती एक वर्तुळ काढतो आणि बाहेर एक कडं काढून त्यातून आकाशाचा उजेड वजा करतो. साध्या आकाशात हे चालतं. देवयानीच्या गाभ्याजवळ मात्र उजेड उताराचा असतो, एका बाजूला भक्क आणि दुसऱ्या बाजूला कमी, त्यामुळे कड्याचा सरासरी आकडा ताऱ्याखालच्या खऱ्या उजेडाशी जुळत नाही आणि दीर्घिकेचा थोडा प्रकाश ताऱ्याच्या खात्यात जमा होतो. याला चांगला उपाय म्हणजे नवतारा नसतानाचा त्याच जागेचा, त्याच दुर्बिणीचा जुना फोटो असेल तर नव्यातून जुना वजा करायचा, मागे फक्त नवतारा राहतो. जुना फोटो नसेल तर दोन-चार महिन्यांनी नवतारा विझला की घ्या, तोवर डेटा जपून ठेवा.

तिसरी आणि मला वाटतं तुमच्याकडे हीच मोठी असणार, फिल्टर नाही. नवताऱ्याचा स्फोट झाल्यावर बाहेर फेकलेला हायड्रोजन एका ठरावीक लाल रंगात जोरात चमकतो, हायड्रोजन-अल्फा म्हणतात त्या रेषेत. तुमचा उघडा कॅमेरा ती सगळी लाली गोळा करतो, व्ही फिल्टरवाल्यांच्या, म्हणजे फक्त हिरवा-पिवळा प्रकाश आत सोडणारा फिल्टर लावणाऱ्यांच्या मोजणीत ती येतच नाही. साध्या ताऱ्यांमधला असा रंगाचा फरक सुधारता येतो, निळे-लाल बरेच तारे मोजून आपल्या कॅमेऱ्याचा रंगांक काढायचा आणि तो लावायचा, पण नवताऱ्याचा प्रकाश असा एका रेषेत साठलेला असल्यामुळे तो नियम त्याला लागू पडत नाही. म्हणून आकडा पाठवताना तो सीव्ही म्हणून पाठवा, म्हणजे उघड्या कॅमेऱ्याने घेतलाय आणि व्ही प्रतीच्या ताऱ्यांशी ताडलाय हे वाचणाऱ्याला कळतं. तसा पाठवला तर तुमचा १६.३ चूक नाही, तो वेगळ्या काट्यावरचा आकडा आहे. जमलं तर एक व्ही फिल्टर घ्या, कॅमेरा बदलण्यापेक्षा त्याने खूप जास्त फरक पडेल.

आकड्यापुढे चूक किती हे पण लिहा. ताऱ्याचे ८००० इलेक्ट्रॉन, वर्तुळातल्या आकाशाचे समजा ४०,०००, एकूण ४८,०००, त्याचं वर्गमूळ साधारण २१९. ८०००मध्ये २१९ म्हणजे पावणेतीन टक्के, ०.०३ प्रत. ही फक्त प्रकाशाच्या मोजणीची किमान चूक, तुलनेच्या ताऱ्याची त्यात अजून मिळवायची आहे. ही ओळ लिहिलेली असली की तुमचं निरीक्षण दुसऱ्याला वापरता येतं.

आणि तुलनेला कधीच एकच तारा घेऊ नका, हे मी पोळल्यावर शिकले. विद्यार्थी असताना एका वेधशाळेत तीन रात्री एक तारा मोजला, तो दर दोन तासांनी हलल्यासारखा दिसत होता, मी वहीत मोठ्या उत्साहाने आलेख काढला, आणि चौथ्या दिवशी दुसरा तुलनेचा तारा घेऊन बघितलं तर माझा तारा एकदम स्थिर, हलत होता तो तुलनेचाच तारा. तो स्वतःच रूपविकारी होता आणि माझ्याकडच्या यादीत तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून तीन तरी तारे, आणि आधी ते एकमेकांशी ताडून मगच पुढे.

तुमच्यासारख्यांचं काम वाया जात नाही याचा पुरावा देते. २०१०मध्ये हबलच्या त्या पहिल्या सेफीडचाच नवा फोटो हबल दुर्बिणीने घ्यायचा ठरला, पण तारा नेमका कधी उजळ आणि कधी मंद असेल हे आधी कळायला हवं होतं. अमेरिकेतल्या रूपविकारी ताऱ्यांच्या संघटनेच्या हौशी निरीक्षकांनी सहा महिने त्या ताऱ्याचा माग काढला, त्यांच्या आलेखावरून वेळा ठरल्या.

देवयानीत तारे एवढे दाटीवाटीने असतात तर एकाचा प्रकाश दुसऱ्यात मिसळत नाही का? मग मोजतात कोणाला?
— एक वाचक, बेळगाव

मिसळतो, आणि हीच सगळ्यात चिवट अडचण आहे. आपल्या हवेतून बघितलं तर चांगल्या रात्रीही ताऱ्याचा ठिपका साधारण एक विकलेचा (अंशाच्या ३६००व्या भागाचा) होतो, आणि देवयानीच्या अंतरावर एक विकला म्हणजे १२ प्रकाशवर्षं. आपल्याभोवती १२ प्रकाशवर्षं रुंदीचा गोळा कल्पून बघा, त्यात सूर्य, अल्फा सेंटॉरीचे तीन आणि बर्नार्डचा तारा, असे पाच येतात. आणि ठिपक्यात तर गोळा नाही, दीर्घिकेच्या आरपार गेलेला अख्खा बोगदा असतो. म्हणजे तिथून कोणी आपला फोटो घेतला तर हे पाच आणि मागचे-पुढचे कितीतरी, सगळे मिळून एकच डाग.

याला एक इलाज म्हणजे वर्तुळाने न मोजता ताऱ्याच्या ठिपक्याचा आकार शिकायचा, एकट्या सुट्या ताऱ्यावरून, आणि मग गर्दीत तोच आकार एकावर एक बसवत सगळ्यांचा प्रकाश एकदम सोडवायचा. स्टेटसन यांनी १९८७ मध्ये मांडलेला डाओफॉट नावाचा प्रोग्रॅम हेच करतो, आजही लोक वापरतात. दुसरा इलाज म्हणजे हवेच्या वर जाणं. हबल दुर्बिणीने २०१० ते २०१३ मध्ये देवयानीच्या तबकडीचा साधारण तिसरा हिस्सा सहा फिल्टरमधून घेतला आणि त्यात ११.७ कोटी तारे मोजले गेले, मग दुसरी बाजू पण घेतली आणि २०२५ मध्ये पूर्ण चित्र आलं, २० कोटी ताऱ्यांचं.

पण एवढं करूनही गर्दीने किती फसवलं हे कसं कळणार? त्यासाठी जे करतात ते मला अत्यंत प्रामाणिक वाटतं. खऱ्या फोटोत खोटे तारे घालतात, स्वतःच, प्रत माहीत असलेले, आणि मग सगळी मोजणी पहिल्यापासून परत चालवतात. २५.० प्रतीचा घातला आणि २४.८ निघाला तर गर्दीने ०.२ उजळ दाखवला, घातलेल्या १००पैकी ६०च सापडले तर खरेही ४० टक्के हातातून सुटत असणार. असं हजारो-लाखो वेळा, भागाभागात, गाभ्याजवळ वेगळं, कडेला वेगळं.

या कामात आपला देश कुठे आहे?
— एक वाचक, डोंबिवली

बराच आहे. नैनितालच्या १०४ सेंटिमीटरच्या दुर्बिणीने १९९८ पासून चार वर्षं देवयानीवर लक्ष ठेवलं होतं, मूळ उद्देश होता गुरुत्वीय सूक्ष्मभिंग (मधल्या एखाद्या वस्तूच्या गुरुत्वाने मागच्या ताऱ्याचा प्रकाश काही काळ वाढलेला दिसणं) शोधण्याचा, त्या डेटात २६ सेफीड मिळाले. लडाखमध्ये हानलेला साडेचार हजार मीटर उंचीवर २ मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे, बंगळूरजवळच्या होसकोटेहून चालवतात, आणि शेजारीच आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्थेची ०.७ मीटरची स्वयंचलित दुर्बीण आहे, देवयानीतले नवतारे हा तिचा नेहमीचा विषय. देवयानीत एक नवतारा आहे जो जवळपास दरवर्षी भडकतो, एम३१एन २००८-१२ए, त्याच्यावर हानलेहून नियमित नजर असते. आणि ॲस्ट्रोसॅट उपग्रहाने अतिनील प्रकाशात देवयानीचं सर्वेक्षण केलंय. अतिनीलमध्ये लँडोल्टच्या याद्या कामाच्या नाहीत, म्हणून त्याच्या दुर्बिणीला शिक्का मारायला एचझेड ४ नावाचा श्वेतबटू घेतला होता. कोरेगावच्या दादांनी ही ओळ जरूर वाचावी.

ताई मी नववीत आहे. आपला सूर्य देवयानीत नेऊन ठेवला तर इथून दिसेल का? आणि तिथले सूर्यासारखे तारे कोणी बघितलेत का?
— एक विद्यार्थिनी, देवगड

बाळा, हा हिशोब तू स्वतःपण करू शकतेस. सूर्य ३२.६ प्रकाशवर्षांवर ठेवला तर त्याची प्रत साधारण ४.८ असते, म्हणजे देवगडच्या अंधारात नुसत्या डोळ्यांना दिसेल, फार उठून नाही. देवयानी त्याच्या साधारण ७८ हजार पट लांब. अंतर १० पट झालं की प्रकाश १०० पट कमी होतो, म्हणजे ५ प्रती. १० हजार पट म्हणजे चार वेळा १०, म्हणून २० प्रती, आणि उरलेल्या ७.८ पटीच्या साधारण साडेचार. ४.८ अधिक २० अधिक ४.५, साधारण २९.३. डोळ्यांना अंधारात सहाव्या प्रतीपर्यंत दिसतं, म्हणजे डोळ्यांच्या मर्यादेपेक्षा २३ प्रतींनी मंद, १५० कोटी पटींहून जास्त.

आणि हो, बघितलेत. २००३ मध्ये हबल दुर्बिणीने देवयानीच्या तबकडीवर नाही तर बाहेरच्या विरळ भागात, जिथे गर्दी कमी, तिथल्या एका छोट्याशा तुकड्यावर साडेतीन दिवसांएवढं एक्सपोजर दिलं. त्यात जवळपास ३१व्या प्रतीपर्यंतचे तारे आले, सुमारे ३ लाख, आणि त्यात सूर्यासारखेही होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रात्री नऊ-दहाला अंगणात ये, भाद्रपदांच्या चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यातून देवयानीचे तारे धरून दोन तारे पुढे जा, तिथून शर्मिष्ठेच्या बाजूला वळ, कापसाच्या पुंजक्यासारखं काहीतरी दिसेल. ते तारे त्याच पुंजक्याच्या कडेला आहेत.